पहारा घरावर, पाहुण्यांवर नव्हे!

सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यात सुरक्षा कॅमेरे बसवताना मालकाची मालमत्ता आणि पाहुण्यांचे खासगीपण या दोहोंचा तोल सांभाळावा लागतो. कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाआधी तो कशासाठी आणि कोठवर, याचे उत्तर शोधायला हवे.

मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने आयुष्यभराच्या बचतीतून लोणावळ्याला, नागावला किंवा दापोलीला टुमदार घर बांधायचे, वर्षातून चार-सहा वेळा तेथे जायचे आणि उरलेले दिवस ते कुलूपबंद ठेवायचे, अशी गेल्या पिढीची रीत होती. आता तेच घर शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने दिले जाते. नोंदणी संकेतस्थळावर होते, पैसे थेट बँकेत जमा होतात आणि किल्ली राखणदाराकडून मिळते. मालक आणि पाहुणा यांची बहुधा गाठही पडत नाही.

सहा जणांच्या नावे नोंदणी करून चौदा जण उतरणे, मध्यरात्र उलटली तरी गाण्यांचा दणदणाट सुरू राहणे, पाहुणे गेल्यावर दूरचित्रवाणी संचाला तडा गेलेला आढळणे आणि 'तो आधीच फुटलेला होता' असे उत्तर मिळणे, हे अनुभव अशा घरमालकांना नवे नाहीत. दोन नोंदण्यांच्या मधल्या दिवसांत घर रिकामे असते, तेव्हा चोरीची धास्ती वेगळीच. साहजिकच शंभर-दीडशे किलोमीटरवर बसलेल्या मालकाला पहिला उपाय सुचतो तो सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा. दुकानदार आठ कॅमेऱ्यांचा संच सुचवतो, बसवणारा कारागीर प्रत्येक कोपऱ्यात एकेक डोळा लावून देतो आणि त्यातला एखादा दिवाणखान्यातही येतो. चुकीची सुरुवात होते ती येथेच.

उंबरठ्याची मर्यादा

भाड्याने दिलेले घर कागदोपत्री मालकाचे असले, तरी ज्या दोन रात्रींचे भाडे पाहुण्याने मोजले, त्या दोन रात्रींपुरते ते पाहुण्याचे घर असते. तेथे तो कपडे बदलतो, आईवडिलांशी वाद घालतो, लहान मुलाला सोफ्यावर निजवतो. दिवाणखाना ही 'सार्वजनिक' जागा आहे, हा युक्तिवाद हॉटेलच्या प्रवेशकक्षाला लागू पडेल. एका कुटुंबाला संपूर्णपणे दिलेल्या बंगल्याला नाही.

पर्यटकांना घरे मिळवून देणाऱ्या 'एअरबीएनबी' या कंपनीने पूर्वी सामाईक खोल्यांतील कॅमेऱ्यांना, त्यांची माहिती आधी दिलेली असल्यास, मुभा दिली होती. मार्च २०२४ मध्ये तिने हे धोरण बदलले आणि ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातील आपल्या यादीतील घरांमध्ये अंतर्भागात कॅमेरा लावण्यास सरसकट मनाई केली. बाहेरील कॅमेऱ्यांना परवानगी आहे. परंतु त्यांची माहिती नोंदणीपूर्वीच पाहुण्याला द्यावी लागते आणि त्या कॅमेऱ्यांतून घराचा आतला भाग दिसता कामा नये.

भारतीय कायद्याचा रोखही तोच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. स्त्री खासगी कृतीत असताना, जेथे आपल्याला कोणी पाहत नाही असे तिने गृहीत धरलेले असते, तेथे तिला न्याहाळणे किंवा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये गुन्हा असून पहिल्याच अपराधाला एक ते तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई स्त्री-पुरुष असा भेद न करता कोणाच्याही शरीराच्या खासगी भागांचे संमतीविना चित्रण करण्यास प्रतिबंध करते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. 'घर माझेच आहे' ही सबब येथे कामी येत नाही. एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये, राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जेथे सख्ख्या नात्यात ही मर्यादा आहे, तेथे भाडे मोजून आलेल्या परक्या कुटुंबाबाबत ती अधिकच काटेकोर असायला हवी.

तेव्हा पहिला नियम सोपा आहे. कॅमेऱ्याने उंबरठा ओलांडू नये. आतल्या सामानासाठी वेगळे उपाय आहेत. पाहुणे येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर राखणदाराने प्रत्येक खोलीची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढावीत, सामानाची यादी पाहुण्याच्या सहीने सुपूर्द करावी आणि अनामत रक्कम घ्यावी. 'आधीच फुटलेला' या वादाचा निकाल त्याने कॅमेऱ्यापेक्षा लवकर लागतो.

'बाहेर' म्हणजे नेमके कोठे?

उंबरठ्याबाहेरची प्रत्येक जागा उघडी असतेच असे नाही. कोकणातील जुन्या घरांत न्हाणीघर मागील अंगणात असते, विहिरीवर आंघोळी होतात आणि पडवी हीच बसण्या-निजण्याची जागा असते. अशा ठिकाणी मागील दारावर लावलेला कॅमेरा नकळत न्हाणीघराच्या दाराकडेही पाहत राहतो. राखणदाराचे कुटुंब आवारातच राहत असेल, तर त्याच्या खोलीचे दारही या चौकटीत येता कामा नये. तो नोकरीस असला, तरी त्याच्या बायकामुलांनी चोवीस तासांच्या नजरेखाली राहण्याचे कबूल केलेले नसते.

पोहण्याच्या तलावाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लहान मूल पाण्यात पडेल, ही भीती खरी आहे. मात्र कॅमेऱ्याचे चित्र त्या क्षणी कोणी पाहत नसेल, तर त्याने जीव वाचत नाही. घडलेली दुर्घटना तेवढी नोंदली जाते. दुसरीकडे, पोहण्याच्या पोशाखातील पाहुण्यांचे चित्रण मात्र दिवसभर साठत राहते. तलावाभोवती मुलाला चढता येणार नाही असे कुंपण, आपोआप बंद होणारे फाटक, ते उघडताच वाजणारी घंटा आणि काठावर टांगलेले जीवरक्षक कडे यांवर केलेला खर्च कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून टाकण्याची सोय असते. खिडक्या, शेजाऱ्याचे अंगण, राखणदाराचे दार हे भाग बसवतानाच झाकून घ्यावेत. खरेदीपूर्वी ही सोय आहे की नाही, हे आवर्जून विचारावे. ध्वनिग्रहण तर बंदच असावे. फाटकावर कोण आले हे कळण्यासाठी व्हरांड्यातील गप्पा ऐकण्याची गरज नसते. गोंगाटाचीच चिंता असेल, तर केवळ आवाजाची पातळी मोजणारी, संभाषण न नोंदवणारी उपकरणे परदेशात रूढ आहेत. पाहुण्याला सांगून सामाईक जागेत ती बसवण्यास 'एअरबीएनबी'चीही हरकत नाही. आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर असलेले निर्बंध भाडेकरारात लिहून ठेवले, तर राखणदाराला बोट ठेवायला आधारही मिळतो.

प्रश्न आधी, कॅमेरा नंतर

मर्यादा ठरली की निवड सोपी होते. मध्यम आकाराच्या बंगल्याला बहुधा चार कॅमेरे पुरतात. एक फाटकावर, एक दर्शनी दारावर, एक मागील दारावर आणि एक वाहनतळ किंवा पंप-इन्व्हर्टरच्या खोलीकडे. या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वाहनतळावर 'कोणी आहे का', एवढे कळले तरी भागते. दर्शनी दाराशी 'हा कोण', हे कळावे लागते.

या फरकाचे मोजमाप आहे. 'आयईसी ६२६७६-४' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार, माणसाच्या हालचालीची चाहूल लागण्यासाठी दृश्यातील प्रत्येक मीटर रुंदीला चित्राचे २५ बिंदू, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवण्यासाठी २५० बिंदू लागतात. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राच्या रुंदीत १९२० बिंदू असतात. १९२० ला २५० ने भागले की येतात ७.६८. म्हणजे हा कॅमेरा साधारण पावणेआठ मीटर रुंदीपर्यंतच चेहरा खात्रीलायक दाखवू शकतो. त्यातही २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे शंभर अंशांचा पसारा टिपते. त्यामुळे कॅमेऱ्यापासून तीन-सव्वातीन मीटरवरच दृश्याची रुंदी तेवढी होते. त्यापलीकडचा चेहरा धूसर. तोच कॅमेरा सहा मिलिमीटरच्या भिंगासह घेतला, तर पसारा निम्म्यावर येतो आणि चेहरा सुमारे आठ मीटरपर्यंत ओळखता येतो.

दुकानात मेगापिक्सेलचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, भिंगाचा मात्र कोणी विचारत नाही. फाटक दारापासून दूर असेल, तर दारावरचा आठ मेगापिक्सेलचा रुंद कॅमेरा घेण्यापेक्षा फाटकाच्या खांबावर चार मेगापिक्सेलचा, अरुंद भिंगाचा कॅमेरा लावणे शहाणपणाचे. उंचीही महत्त्वाची आहे. छपराच्या टोकाशी लावलेल्या कॅमेऱ्याला टोप्या आणि टकलेच दिसतात. ओळख पटवायची असेल, तर आठ-नऊ फुटांची उंची योग्य. गाडीचा क्रमांक हवा असल्यास कॅमेरा दिव्यांच्या झोताच्या समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा. अन्यथा रात्री पाटीऐवजी पांढरा लोळ तेवढा दिसतो.

पाऊस, खारा वारा आणि वीज

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर अलिबाग-मुरूडच्या हवेत बारा महिने मीठ असते. शहरातील सोसायटीत पाच वर्षे टिकणारा कॅमेरा येथे दोन पावसाळ्यांत मान टाकतो. खोक्यावर 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' अशी खूण पाहावी. पहिली खूण जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवते, तर दुसरी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी आत न शिरल्याची. मात्र पाणी बहुधा कॅमेऱ्यातून न शिरता तारेच्या जोडातून शिरते. त्यामुळे प्रत्येक जोड जलरोधक डबीत बंद असावा आणि भिंतीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे थेंब तेथूनच गळून पडतात. किनारपट्टीवर लोखंडी पट्ट्या व साधे स्क्रू टाळून गंजरोधक पोलादाचे घ्यावेत.

रात्रीच्या दृश्यासाठी कॅमेरे अवरक्त प्रकाश फेकतात. या प्रकाशात समोरून पडणारा पावसाचा थेंब चकाकतो, धुके पांढऱ्या भिंतीसारखे दिसते आणि दिव्याच्या ओढीने आलेल्या किड्यांमागून कोळी भिंगावरच जाळे विणतो. मग रात्रभर 'हालचाल आढळली' असे संदेश मालकाच्या मोबाइलवर धडकत राहतात आणि चौथ्या रात्री तो ते पाहणेच सोडून देतो. कॅमेरा छपराखाली, पण पागोळ्यांच्या रेषेच्या आत असावा. फाटकावर वेगळा दिवा असावा आणि महिन्यातून एकदा राखणदाराने कोरड्या मऊ फडक्याने काच पुसावी. माणूस व वाहन यांनाच ओळखून इशारा देणारे कॅमेरे आता मिळतात; जंगलालगतच्या घरांना ते अधिक सोयीचे.

विजेचा भरवसा धरू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतील अनेक गावांत वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. तेवढ्या संकटाची तयारी कोणी करू शकत नाही. परंतु रोजच्या भारनियमनाची जरूर करता येते. चार कॅमेरे, ध्वनिचित्रे साठवणारे यंत्र आणि इंटरनेटचा राउटर यांचा एकत्रित भार साधारण ५० वॅट असतो. १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी एवढाच भार असेल तर जवळपास दिवसभर तग धरते. अट एवढीच, की पंखे व दिवे तिच्यावर जोडलेले नसावेत. वळिवाच्या आणि परतीच्या पावसातील विजांपासून बचावासाठी चांगले अर्थिंग आणि विद्युतदाब रोखणारे उपकरण हवेच.

तार, वायफाय आणि साठवण

वायफायवर चालणारा कॅमेरा बसवायला सोपा. पण जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून लहरी जेमतेमच पार होतात. घराचे काम सुरू असतानाच एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही वाहून नेणारी 'पीओई' पद्धत घालून घ्यावी. शंभर मीटरपर्यंत ती नीट चालते. तार टाकणे अशक्य असलेल्या फाटकासाठी सिमकार्ड व सौरपट्टी असलेला कॅमेरा हा पर्याय आहे. मात्र त्या कंपनीचे मोबाइल जाळे तेथे चालते का, हे आधी पाहावे.

चार मेगापिक्सेल कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्र साठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांची १५ दिवसांची बेरीज १.३ टेराबाइटच्या आसपास जाते. म्हणजे दोन टेराबाइटची डिस्क पुरेशी. एवढी सामग्री गावच्या इंटरनेटवरून सतत दूरच्या सर्व्हरवर पाठवणे अव्यवहार्य आहे. सलग चित्रण घरातच, कुलूपबंद कपाटातील यंत्रात साठवावे आणि फाटक व दर्शनी दाराच्या हालचालींचे छोटे तुकडेच बाहेर पाठवावेत. चोराने यंत्रच उचलून नेले, तरी त्याचा चेहरा मागे राहतो.

कॅमेऱ्यामागचे डोळे

सर्वांत मोठा धोका भिंतीवर दिसत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व चित्रसाठवण यंत्रे ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अनेक बड्या संकेतस्थळांची सेवा विस्कळीत केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीची चित्रे सीसीटीव्हीतून चोरून विकली जात असल्याचे उघडकीस आले. त्या प्रकरणी अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. कॅमेरा लावणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी चित्रे पाहणारे डोळे त्याचेच असतील याची हमी नसते.

केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक अत्यावश्यक निकष ठरवून दिले आणि एप्रिल २०२५ पासून ते अनिवार्य केले. त्यानुसार नोंदणी झालेलाच कॅमेरा, बिलासह घ्यावा. बसवून झाल्यावर कारागिरासमोरच परवलीचा शब्द बदलावा, कारण अनेकदा तो त्याच्याकडेच राहतो. पाहुण्यांचे वायफाय आणि कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे ठेवावे. राखणदाराने नोकरी सोडली, तर त्याच्या मोबाइलवरील प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. घरगुती वापराला या कायद्यात सूट आहे. परंतु घर भाड्याने देणे हा व्यवसाय असल्याने मालकाने त्या सवलतीवर विसंबू नये.

चित्रण पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर पडद्याचे मोबाइलवर काढलेले चित्र पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचाच प्रश्न होता. १४ जुलै २०२० रोजी त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट कायम आहे. त्यामुळे यंत्राचे घड्याळ बिनचूक असावे आणि घटना घडताच मूळ चित्रणाची प्रत वेगळी काढून ठेवावी. १५ दिवसांनंतर ती आपोआप पुसली जाईल.

आधीच सांगून टाकावे

लपवलेला कॅमेरा संशय वाढवतो, तर जाहीर केलेला कॅमेरा गैरप्रकार घडण्याआधीच थोपवतो. म्हणून नोंदणीच्या पानावर, भाडेकरारात आणि फाटकावर एकच मजकूर असावा: 'या आवारात फाटक, दर्शनी दार, मागील दार आणि वाहनतळ येथे चार कॅमेरे आहेत. आवाज नोंदला जात नाही. चित्रण १५ दिवसांनी पुसले जाते. घरात तसेच तलावाकडे एकही कॅमेरा नाही.' या चार ओळींत पाहुण्याला हवी ती सारी माहिती येते. ती जेथे मिळत नाही, तेथे पाहुण्याने नोंदणीपूर्वीच लेखी विचारणा करावी. खोलीत पोहोचल्यावर घड्याळ, चार्जर, धूरसूचक यंत्र अशा वस्तू पलंगाच्या किंवा न्हाणीघराच्या रोखाने लावलेल्या दिसल्या, तर दिवे मालवून विजेरीचा झोत टाकून पाहावा. भिंग असल्यास ते चमकते. तसे आढळल्यास वस्तूला हात न लावता छायाचित्र काढून पोलिसांना कळवणे श्रेयस्कर.

पूर्वी गावी जाताना घराची किल्ली शेजाऱ्याकडे दिली जाई. तो घराकडे लक्ष ठेवी. पण आलेल्या पाहुण्यांच्या खिडकीत डोकावत नसे. भाड्याच्या बंगल्यावरील कॅमेऱ्याकडून अपेक्षा आहे ती एवढ्याच शेजारधर्माची.